हेमिसची पोथी आणि येशूची अठरा वर्षे

१८९४ साली निकोलस नोतोविच नावाच्या एका रशियन पत्रकाराने पॅरिसमध्ये एक फ्रेंच पुस्तक काढले. 'येशू ख्रिस्ताचे अज्ञात जीवन' असा त्याच्या नावाचा अर्थ. दावा असा, की येशू तेराव्या वर्षी घरातून निघून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सिंधला आला, हिंदुस्थान, नेपाळ आणि इराणात पुढची पंधरा-सोळा वर्षे काढली, आणि एकोणतिसाव्या वर्षी मायदेशी परतला. हा सगळा वृत्तान्त म्हणे लडाखच्या हेमिस मठातल्या पोथ्यांत लिहिलेला आहे. पुस्तकाच्या भराभर आवृत्त्या निघाल्या, इंग्रजी भाषांतरे झाली, वाद पेटला आणि दोन वर्षांत विझलाही. दावा मात्र अजून फिरतो आहे. नाताळ जवळ आला की 'येशूचा भारतातला गुप्तवास' कुणीतरी मोबाइलवर पाठवतेच. म्हणून हे प्रकरण एकदा नीट उलगडून पाहावे.

आधी ही वर्षे रिकामी का आहेत ते पाहू. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान येशूच्या बालपणाबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांची गोष्ट थेट मोठ्या येशूपासून सुरू होते. मत्तय जन्म, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजाच्या भीतीने मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळणे आणि नासरेथला येऊन राहणे एवढे सांगून थांबतो. लूक एक प्रसंग जास्तीचा देतो. बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जातो. परतीच्या वाटेवर तो बरोबरच्या लोकांतच असेल असे समजून मरीया आणि योसेफ दिवसभर चालतात, मग शोधाशोध करत माघारी फिरतात. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, शास्त्र्यांमध्ये बसून त्यांचे ऐकत, त्यांना प्रश्न विचारत. पुढे लूक एका ओळीत सांगतो, की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. मग थेट साधारण तीस वर्षांचा येशू समोर येतो. बारा आणि तीस यांच्यामधली अठरा वर्षे म्हणजे या प्रकरणाची सगळी जमीन.

आजच्या वाचकाला हे अंतर खटकते, कारण चरित्र म्हटले की शाळा, मित्र, पहिली नोकरी असे सगळे हवे असते. त्या काळच्या चरित्रकाराला बालपणातला एक लखलखीत प्रसंग पुरत असे. यहुदी इतिहासकार जोसेफस स्वतःबद्दल लिहितो, की तो चौदा वर्षांचा असताना मुख्य याजक आणि शहरातली बडी माणसे नियमशास्त्रातल्या शंका विचारायला त्याच्याकडे येत. लूकचा प्रसंग याच जातीचा आहे. पुढे काय येणार आहे याची चुणूक तेवढी द्यायची.

तरीही लोकांना राहवले नाही. दुसऱ्या शतकापासून बालपणाच्या कथा रचल्या जाऊ लागल्या आणि त्यांतली सर्वांत गाजलेली येशूचा शिष्य थोमा याच्या नावावर आहे. तिच्यातला येशू चांगलाच तापट आहे. पाच वर्षांचे पोर ओहोळाकाठी ओल्या मातीच्या बारा चिमण्या करते. दिवस शब्बाथाचा, म्हणजे कामाला बंदी. तक्रार योसेफापर्यंत जाते, तो येऊन रागावतो, तेव्हा पोरगा टाळी वाजवतो आणि चिमण्या चिवचिवाट करत उडून जातात. खेळताना खांद्याला धक्का देणारा मुलगा त्याच्या शापाने जागीच मरतो. शिकवायला आलेल्या मास्तरांची तर फजितीच होते. योसेफाची एक फळी आखूड पडते, ती तो ओढून लांब करतो. मातीच्या पक्ष्यात जीव घातल्याचा उल्लेख कुराणातही दोनदा येतो. २०२४ साली हॅम्बुर्गच्या ग्रंथालयात आजवर दुर्लक्षित राहिलेला पपायरसचा एक लहानसा तुकडा अभ्यासकांनी वाचला. तो याच चिमण्यांच्या गोष्टीचा निघाला, चौथ्या-पाचव्या शतकातला.

नोतोविचच्या प्रकरणाशी या कथांचा संबंध असा. एवढी मोकाट कल्पना असूनही थोमाची ही कथा बाराव्या वर्षी मंदिरापाशी येऊन थांबते. अरबी भाषेत उतरलेली बालपणाची कथा तर सांगते, की त्यानंतर येशूने आपले चमत्कार झाकून ठेवले आणि तीस वर्षांचा होईपर्यंत नियमशास्त्राचा अभ्यास केला. म्हणजे ज्यांना हवे ते रचायची मुभा होती त्यांनीही या अठरा वर्षांत त्याला घराबाहेर काढले नाही.

आता नोतोविच. जन्म क्रिमियातला, १८५८चा. १८८७ साली तो हिंदुस्थानात आला आणि काश्मीरमार्गे लडाखला गेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाटेतल्या एका मठात लामाने 'इस्सा' नावाच्या संताचा, म्हणजे येशूचा, उल्लेख केला आणि त्याचे कुतूहल चाळवले. लेहपासून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या हेमिस मठात त्याने चौकशी केली, पण पदरात काही पडले नाही. परत निघाला तर घोड्यावरून पडून पाय मोडला आणि त्याला पुन्हा मठात आणावे लागले. तिथे तो खाटेवर पडलेला असताना मुख्य लामांनी पिवळ्या पडलेल्या पानांचे दोन मोठे ग्रंथ आणून वाचून दाखवले, दुभाष्याने भाषांतर केले आणि त्याने टिपून घेतले. मूळ ग्रंथ पाली भाषेत, ल्हासाजवळ, आणि हेमिसमधले त्याचे तिबेटी रूपांतर. अशी २४४ कडवी त्याने पुस्तकात दिली आहेत. ती सलग नव्हती, विखुरलेली होती, आपण ती काळानुक्रमे लावली, हे तो स्वतःच सांगतो. माझ्या मते पोथीचा दावा इथेच लंगडा होतो. वाचले लामाने, भाषांतर दुभाष्याने केले, टिपले नोतोविचने आणि जुळवलेही त्यानेच. मूळ पानाची नक्कल कुणाकडेच नाही.

पोथीतली कथा थोडक्यात अशी. तेराव्या वर्षी लग्नाचे वय झाले, श्रीमंत लोक मुली सांगून घरी येऊ लागले, तेव्हा इस्सा गुपचूप निघाला. सिंध, मग जगन्नाथ, राजगृह, काशी अशी सहा वर्षे तो फिरला. ब्राह्मणांकडून वेद शिकला, पण वैश्य-शूद्रांना ते शिकवू लागल्यामुळे ब्राह्मण आणि क्षत्रिय त्याच्या जिवावर उठले. तो हिमालयाच्या पायथ्याशी बौद्धांच्या प्रदेशात पळाला, पाली शिकला, सूत्रांचा अभ्यास केला. मग इराणमार्गे परत. शेवटी क्रूसावरचे मरण आहेच, पण त्याचा दोष सगळा रोमन सुभेदार पिलाताच्या माथी.

पहिली उलटतपासणी ऑक्सफर्डमधून झाली. मॅक्स म्यूलर, म्हणजे संस्कृतचे पंडित आणि लोकमान्य टिळकांच्या १८९७च्या राजद्रोहाच्या कारावासात त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांपैकी एक, यांनी ऑक्टोबर १८९४ मध्ये 'नाइन्टीन्थ सेंच्युरी' या मासिकात लेख लिहिला. त्यांचा मुद्दा ग्रंथसूचीचा होता. तिबेटी बौद्धांच्या कंजूर आणि तंजूर या दोन अवाढव्य संग्रहांच्या याद्या उपलब्ध होत्या आणि असा ग्रंथ त्यांत नव्हता. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. येशूच्या मृत्यूची बातमी घेऊन पॅलेस्टाइनचे व्यापारी हिंदुस्थानात येतात काय, आणि एवढ्या मोठ्या देशात त्यांची गाठ नेमकी इस्साला विद्यार्थी म्हणून ओळखणाऱ्यांशीच पडते काय! लामांनी भोळ्या प्रवाशाची थट्टा केली असेल किंवा प्रवाशानेच सगळे रचले असेल, असे दोन पर्याय त्यांनी मांडले. लेखात त्यांनी लेहहून एका बाईंचे २९ जून १८९४चे पत्रही छापले. या गोष्टीत खरे एक अक्षर नाही, इकडे कुणी रशियन आलाच नव्हता, असे त्या लिहितात.

या पत्रावर मी फारसे विसंबणार नाही. उत्साहाच्या भरात बाई पुढे गेल्या. नोतोविच लडाखला आला होता, हे पुढच्या चौकशीत त्याच्या विरोधकानेच दाखवून दिले.

तो विरोधक म्हणजे आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस. १८९५च्या उन्हाळ्यात ते स्वतः हेमिसला गेले. दुभाषी म्हणून लेहचे माजी पोस्टमास्तर जोल्दन यांना बरोबर घेतले आणि नोतोविचच्या पुस्तकातले उतारे मुख्य लामांना वाचून दाखवून एकेक प्रश्न विचारला. लामांनी सांगितले, की मी ४२ वर्षे लामा आहे आणि १५ वर्षे या मठाचा मुख्य आहे. या काळात पाय मोडलेला कुणी परदेशी इथे राहिलेला नाही. इस्साचे चरित्र असलेला ग्रंथ मी कुणाला दाखवलेला नाही, कारण तसा ग्रंथ मठात नाही आणि तिबेटात कुठे असल्याचे ऐकलेलेही नाही.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. लामांना आपण एक घड्याळ, एक गजराचे घड्याळ आणि एक थर्मामीटर भेट दिला, असे नोतोविच लिहितो. डग्लस यांनी तेही विचारले. अशा भेटी मला कधी मिळाल्या नाहीत आणि थर्मामीटर म्हणजे काय तेच मला ठाऊक नाही, असे लामा म्हणाले. पुस्तकातले पुढचे भाग ऐकल्यावर ते 'खोटे, खोटे, निव्वळ खोटे' असे उद्गारले. जबाब लिहून घेतला गेला, त्यावर लामांनी सही-शिक्का केला. शिवाय लेहच्या दवाखान्यात डग्लस यांना नोतोविच नावाच्या रुग्णाचा पत्ता लागला. पण तो मोडलेल्या पायासाठी आलेला नव्हता. त्याचा दात दुखत होता.

एप्रिल १८९६ मध्ये हे सगळे त्याच मासिकात छापून आले. म्यूलरना उत्तर देताना नोतोविचने आधीच पवित्रा बदलला होता. ही कडवी बिननावाच्या निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेली आहेत म्हणून सूचीत मिळणार नाहीत, आणि थेट विचारायला गेलेल्या युरोपियनापाशी लामा दौलत गमावण्याच्या भीतीने कानांवर हात ठेवतात, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या युक्तिवादात थोडे तथ्य आहे. मठांतून हस्तलिखिते बाहेर गेल्याची उदाहरणे आहेतच, आणि साहेबापुढे नाही म्हणणे हे एखाद्या लामाला शहाणपणाचे वाटू शकते. पण हा युक्तिवाद एकदा मान्य केला की होकार हाही पुरावा आणि नकार हाही पुरावा. मग तपासायला काही उरत नाही.

लामांची साक्ष बाजूला ठेवली तरी पोथीचा मजकूर स्वतःच साक्ष देतो. मला तरी ही बाजू जास्त भक्कम वाटते. इस्सा जगन्नाथाला जातो. पुरीचे आजचे मंदिर बाराव्या शतकातल्या अनंतवर्मन चोडगंगाचे. तिथे आधीपासून क्षेत्र होते असे धरले, तरी पहिल्या शतकात दूरदेशीच्या विद्यार्थ्याने वेदाध्ययनासाठी जावे असे ते ठिकाण असल्याचा पुरावा नाही. वर व्यासकृष्णांचे अवशेष तिथे असल्याचे पोथी सांगते. वाटेत त्याला 'जैन' नावाच्या देवाचे भक्त भेटतात! जैनांना देव समजण्याची चूक हिंदुस्थानातला बौद्ध लेखक करील? शतकानुशतके त्यांच्याशी वाद घालत आलेला लेखक? घाईने प्रवास केलेला युरोपियन मात्र सहज करील. इस्सा त्रिमूर्तीचे खंडन करतो, तेही ब्रह्मा-विष्णू-महेश अशी घडी नीट बसण्याच्या कितीतरी आधी. स्त्रियांच्या थोरवीवरचे लांबलचक प्रवचन आणि शूद्रांना वेद नाकारण्यावरचा सगळा रोख एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकी वर्तमानपत्रांच्या चालीचा आहे. मुद्दा वाईट नाही, काळ चुकला आहे.

प्रवास अशक्य होता असे मात्र म्हणता येत नाही. पहिल्या शतकात मिसरच्या बंदरांतून पावसाळी वाऱ्यांवर जहाजे हिंदुस्थानात येत. 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी टिपणात भडोच, कल्याण, पैठण आणि तेर ही नावे आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती त्या व्यापाराची खूण आहे. एखादा गालीलचा, म्हणजे नासरेथच्या प्रांतातला, तरुण इकडे येऊ शकला असता. पण येऊ शकला असता म्हणजे आला, असे होत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे साक्षीदार, आणि हे कुणी सहसा बोलावत नाही: नासरेथचे शेजारी. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या गावी येऊन सभास्थानात शिकवू लागतो तेव्हा गावकरी चकित होतात. हा सुतारच ना, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ, याच्या बहिणी इथेच आपल्यात नाहीत का, असे ते विचारतात. हे कौतुक नाही, ही नाराजी आहे. कालपर्यंत आपल्यात रंधा मारणारा हा आज आपल्याला शिकवतोय, असा तिचा सूर. तोच माणूस पंधरा-सोळा वर्षे बेपत्ता राहून परतला असता, तर गावाने पहिला प्रश्न 'इतकी वर्षे होतास कुठे?' हाच केला असता. लहान गावात कोण कुठे गेले याचा हिशेब सगळ्यांकडे असतो. लूकही सांगतो, की नासरेथ हे त्याचे लहानाचे मोठे होण्याचे गाव, आणि तिथल्या सभास्थानात तो आपल्या रिवाजाप्रमाणे गेला.

येशूच्या शत्रूंनाही विचारू. दुसऱ्या शतकातला केल्सस हा ख्रिस्ती मताचा कडवा टीकाकार. येशू मजुरीसाठी मिसरला गेला आणि तिथे जादूटोणा शिकून आला, असा त्याचा आरोप. परदेशातून विद्या चोरून आणल्याचा ठपका ठेवायला तो टपलेलाच होता. हिंदुस्थानाची अफवासुद्धा कानावर असती तर त्याने ती सोडली नसती. येशूच्या बोधकथांतही पेरणी, मोहरी, द्राक्षमळे आणि मासेमारीची जाळी दिसतात, दाखला निघतो तो मोशेच्या नियमशास्त्रातला आणि यशयासारख्या संदेष्ट्यांचा.

नोतोविचनंतरच्या 'साक्षी' भराभर सांगतो. रामकृष्णांचे शिष्य स्वामी अभेदानंद १९२२ साली हेमिसला गेले. आपल्याला पोथी दाखवली गेली, असे त्यांनी बंगाली प्रवासवर्णनात लिहिले. पण त्याआधी ते बरीच वर्षे अमेरिकेत होते, नोतोविचचे पुस्तक त्यांना माहीत होते, आणि त्यांनी दिलेला मजकूर त्याच्याशी मिळताजुळता आहे. रशियन चित्रकार निकोलस रोरिख १९२५ मध्ये लडाखमध्ये होते. तिबेटी भाषेचा जाणकार मुलगा जॉर्ज बरोबर होता, आणि तरीही हाती लागल्या त्या ऐकीव गोष्टी. पुस्तक आधी छापले गेले आणि आख्यायिका नंतर ऐकू आल्या, हा क्रम इथे विसरून चालत नाही. श्रीनगरच्या रोजाबल या कबरीचा दावा तर वेगळाच आहे. क्रूसावरून वाचून येशू काश्मिरात आला, हे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांचे म्हणणे, त्याचा बालपणाशी संबंध नाही. मोबाइलवरच्या मजकुरात मात्र दोन्ही एकत्र कालवलेले असतात.

आपल्याकडे ही गोष्ट इतकी सहज का पटते? मराठी माणसाला तिचा साचा ओळखीचा आहे. लग्नाच्या वयात घर सोडलेला मुलगा म्हटले की जांबचा नारायण आठवतो. बोहल्यावरून 'सावधान' ऐकताच पळालेला, टाकळीला बारा वर्षे तप आणि मग बारा वर्षे भारतभ्रमण केलेला. संतचरित्रात मधली वर्षे तपाची आणि तीर्थाटनाची असायची, ही आपली सवय. ती घेऊन लूक वाचला की रिकामी जागा टोचते आणि भरलेली बरी वाटते. शिवाय स्वाभिमानही सुखावतो. बाबाराव सावरकर, म्हणजे गणेश दामोदर, यांचे ख्रिस्तावरचे मराठी पुस्तक १९४६ मध्ये निघाले. त्यात तर येशू मूळचाच तमिळ हिंदू ठरतो. नोतोविचने त्याला निदान पाहुणा ठेवले होते.

गालीलात मात्र त्या वर्षांचे सामान खरोखर सापडते आहे. नासरेथपासून सहाएक किलोमीटरवर सेफोरिस हे शहर. हेरोद मेल्यावर झालेल्या बंडात रोमन फौजेने ते उद्ध्वस्त केले आणि त्याचा मुलगा हेरोद अंतिपा याने येशूच्या लहानपणाच्या काळातच ते पुन्हा उभारायला घेतले. सुतारकाम-बांधकाम करणाऱ्या घरातल्या बापलेकांना रोज चालत जाऊन मजुरी मिळावी असे ते अंतर. योसेफ आणि येशू तिथे कामाला गेल्याची नोंद नाही, हा अंदाजच आहे, पण काशीच्या अंदाजापेक्षा शेकडो कोसांनी जवळचा. खुद्द नासरेथ इतके लहान, की जोसेफसने गालीलातल्या गावांची एवढी नावे घेतली त्यात हे नाही. २००९ साली इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याला तिथे येशूच्या काळातले एक राहते घर सापडले: दोन खोल्या, अंगण, पाणी साठवायचे टाके. भांड्यांच्या तुकड्यांत काही चुनखडीच्या दगडाचे होते. यहुदी नियमाप्रमाणे मातीच्या भांड्याला विटाळ होतो, दगडाच्या भांड्याला होत नाही. त्यामुळे घर सोवळेओवळे पाळणाऱ्या यहुद्यांचे होते, हे खोदणाऱ्यांना त्या तुकड्यांवरूनच कळले.